कायद्याची शीव आणि ढोकी

पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथाच्या अज्ञात लेखकाने ज्याची नोंद तगर या नावाने केली आणि गोरोबाकाकांच्या समाधीमुळे ज्याचे नाव वारकऱ्यांच्या मुखी अखंड राहिले, त्या तेरच्या शेजारचे ढोकी हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत स्वतःच्या नावाने क्वचितच आढळते. परंतु राज्ये, जिल्हे आणि कायदे यांच्या सरहद्दी आखणाऱ्यांच्या रेघा गेल्या सव्वाशे वर्षांत या मुलखातून वारंवार गेल्या आहेत. पश्चिमेस बार्शी तालुका आणि सोलापूर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. पूर्वेस येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर हा सारा निजाम सरकारचा मुलूख, ज्यातील धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग तर निजामाच्या खाजगी मालकीचा, सर्फेखासचा होता. या दोन राज्यांना सांधणारी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७च्या मार्च महिन्यात बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली, पुढे तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली ढोकीवरून लातूरला पोहोचली. त्या गाडीतून कापसाच्या गाठी गेल्या, पंढरीचे यात्रेकरू गेले, आणि माणसांच्या संगतीने जाणारे रोगही गेले. आणि रोगाला राज्यांची सरहद्द ठाऊक नसली तरी कायद्याला ती ठाऊक असते, नव्हे, सरहद्दीवाचून कायद्याला अस्तित्वच नसते.

आरोग्यविषयक कायदा ही एक स्वतंत्र विधिशाखा म्हणून आज विधिमहाविद्यालयांत शिकविली जाते, तिच्यावर ग्रंथ लिहिले जातात आणि तिच्या नावाने वकिली करणारे वकीलही आढळतात. या शाखेचा इतिहास सामान्यतः राजधान्यांच्या आणि वरिष्ठ न्यायालयांच्या नावांनी सांगितला जातो. तो इतिहास ढोकीच्या स्थानकावर उभे राहून पाहिला तर मला निराळा दिसतो. कारण साथीचा कायदा, कामगारांच्या विम्याचा कायदा, वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा आणि ग्राहकाच्या हक्काचा कायदा, या प्रत्येकाने जन्मतःच आपल्याभोवती एक शीव आखून घेतली, आणि ढोकीसारख्या गावचा रोगी बहुतेक वेळी त्या शिवेच्या पलीकडे उभा राहिला. ही शाखा वाढली ती या शिवा एकेक करून पुसल्या गेल्यामुळे. आणि ज्या अद्याप पुसल्या गेल्या नाहीत तेथे तिची वाढ खुंटलेली आहे, असे माझे मत आहे.

वैद्याच्या दोषाला दंड असावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जिवावरच्या दुखण्यात राजपुरुषांना न कळविता उपचार आरंभणाऱ्या वैद्याचा रोगी दगावला तर त्यास पूर्वसाहसदंड करावा असे कौटिल्य सांगतो. चुकीची चिकित्सा करणाऱ्यास रोगी पशू आहे, सामान्य मनुष्य आहे की राजकुलातील आहे यावरून चढता दंड याज्ञवल्क्यस्मृती ठरविते. परंतु या वचनांतून एक न्यायपरंपरा अखंड वाहत आली आणि तीच पुढे आधुनिक कायद्यास मिळाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकातील गावगाड्यात वैद्य होते, हकीम होते, हाडे बसविणारे होते, सुईणी होत्या, आणि त्यांचा न्याय गावाच्या विश्वासावर चाले. उपचार बिघडला म्हणून अदालतीत फिर्याद घेऊन जावे ही गोष्ट कुणाच्या मनातही येत नसे. आधुनिक कायदा आला तो वेगळ्या वाटेने आला, आणि तो रोग्याच्या कैवारासाठी आला नाही.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे लोक ज्याला गाठीचा ताप म्हणत त्याचे, निदान केले, आणि पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, कलकत्त्याच्या विधिमंडळाने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा हिंदुस्थानच्या विधिग्रंथांतील अत्यंत आखूड कायद्यांपैकी एक, आणि अत्यंत अमर्याद कायद्यांपैकीही एक होय. सरकारला योग्य वाटेल तो हुकूम काढण्याचा अधिकार. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांस इस्पितळात वा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार. हुकूम मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा. आणि सद्‌हेतूने कृती करणाऱ्या कुणावरही दावा चालणार नाही असे अभय. इतकेच. रोग्याला औषध द्यावे, अन्न द्यावे, त्याच्या घरच्यांना त्याची वार्ता द्यावी, यांपैकी काहीही त्यात नाही. रोगी हा त्या कायद्याच्या दृष्टीने केवळ संशयित होता. पुण्यात प्लेग कमिटीच्या रँडसाहेबांनी या अधिकारांचा जो वापर केला, घराघरांत शिरून सोजिरांनी जी झडती घेतली, तिचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास कसा भोगावा लागला, हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षाच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या, याची आठवण मात्र येथे आवर्जून ठेवली पाहिजे. कारण रोग्याविषयी कर्तव्य म्हणून जे काही असते ते त्या वेळी कायद्याच्या पुस्तकात नव्हते, ते त्यांच्या आणि त्यांचा मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात होते.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बार्शीत तो होता, ढोकीत नव्हता. निजामाच्या राज्यात कायदा निघे तो फर्माने आणि राज्याचे स्वतःचे नियम यांच्या रूपाने, त्यांची अंमलबजावणी करीत अव्वल तालुकदार आणि तहसीलदार, दप्तर चाले उर्दूत आणि साल मोजले जाई फसली. शेतकऱ्याची बोली मराठी, आणि त्याच्यावर लागू असलेला हुकूम त्याला वाचता न येणाऱ्या लिपीत. मुंबई इलाख्यात १८७७ सालापासून प्रथम मुंबई शहरात आणि नंतर जिल्ह्यांत देवी टोचण्याची सक्ती करणारे कायदे झाले; १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा मुंबई कायदा झाला, जो हिंदुस्थानातील त्या प्रकारचा पहिला कायदा होय; १९३८ साली वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीचाही कायदा झाला. कोण डॉक्टर आणि कोण नव्हे हे ठरविणारी ही जी रचना त्या इलाख्यात हळूहळू उभी राहत होती, ती सरहद्दीच्या या बाजूस लागू नव्हती. आगगाडीने काही घटकांत कापले जाणारे बार्शी-ढोकीचे ते अंतर, त्याच्या दोन टोकांस रोग एक, वैद्य बहुधा एकाच परंपरेतले, माणसे परस्परांची सोयरी. आणि तरीही एकीकडे ज्यास अधिकारबाह्य वैद्यकी म्हणता येई ती दुसरीकडे रोजचा व्यवहार होती.

या काळात ‘आरोग्याचा कायदा’ असे एका नावाने कुणी काही ओळखत नव्हते. होते ते न्यायवैद्यक. १८५६ साली नॉर्मन चेव्हर्स यांनी हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावर ग्रंथ लिहिला. मुंबईस सरकारी रासायनिक विश्लेषक असलेल्या आयझिडोर लायन यांनी पुढे त्याच विषयावर पाठ्यग्रंथ रचला. आणि १९२० साली प्रथम प्रसिद्ध झालेले जयसिंग मोदी यांचे पुस्तक तर आजही प्रत्येक वकिलाच्या कपाटात असते. या साऱ्या ग्रंथांचा विषय म्हणजे प्रेत, विष, जखम आणि वेड. वैद्यक हे न्यायासनासमोर साक्ष देण्यासाठी उभे होते. वैद्यकाने रोग्याला काय द्यावयाचे याचा विचार करण्यासाठी न्यायासन उभे नव्हते. आणि ही गोष्ट केवळ ग्रंथांतच राहिली असे नाही. आजही ढोकीच्या पोलीस ठाण्यासारख्या कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत विहिरीत पडून, सर्प डसून वा कीटकनाशक पोटात जाऊन कुणी मेले, म्हणजे कुटुंबाला कायदा आणि वैद्यक यांची एकत्र गाठ प्रथम पडते ती मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन यांच्या कागदांत. जिवंतपणी ज्याच्याकडे कायद्याने पाहिले नाही त्याच्याकडे तो मृत्यूनंतर बारकाईने पाहतो, ही परंपरा त्या ग्रंथांइतकीच जुनी आहे.

१९४८च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादचे राज्य भारतात आले, २६ जानेवारी १९५० रोजी ते राज्यघटनेच्या ‘ब’ वर्गातील राज्य झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राजकीय सरहद्द पुसली गेली. कायद्याची सरहद्द तितक्या वेगाने पुसली जात नाही. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११९व्या कलमाने असे ठरविले होते की, सक्षम विधिमंडळाने अन्यथा तजवीज करेपर्यंत, ज्या प्रदेशात जो कायदा लागू होता तोच तेथे लागू राहील. परिणामी एकाच राज्यात, एकाच मंत्र्याच्या हाताखाली, पश्चिम महाराष्ट्राला एक कायदा, विदर्भाला दुसरा आणि मराठवाड्याला तिसरा अशी स्थिती अनेक विषयांत पुष्कळ काळ राहिली. घटनेने सार्वजनिक आरोग्य, इस्पितळे आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत घातले, वैद्यकीय व्यवसाय आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारे रोग समवर्ती सूचीत घातले, आणि ४७व्या अनुच्छेदात लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक आद्य कर्तव्य असल्याचे लिहिले. पण हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत होता, म्हणजे त्याच्या आधारे कुणाला न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. आणि १८९७च्या साथीच्या कायद्यात, स्वातंत्र्यानंतर शब्दांची फेरजुळणी झाली तेव्हा, तो संपूर्ण भारतास लागू होईल, परंतु १ नोव्हेंबर १९५६पूर्वी ‘ब’ वर्गातील राज्यांत समाविष्ट असलेला प्रदेश वगळून, असे शब्द येऊन बसले. ढोकी त्या वगळलेल्या प्रदेशात होती. हे शब्द केंद्रीय कायद्यातून निघाले ते २०२० साली, कोरोनाच्या साथीत, एप्रिलच्या २२ तारखेस काढलेल्या वटहुकुमाने. म्हणजे निजामाचे राज्य जाऊन सत्तर वर्षे उलटल्यानंतरही सरहद्दीची रेघ त्या संहितेत शाबूत होती.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी शीव मला पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी फारच थोडे बोलले गेले आहे. १९४८ साली संसदेचे काम करणाऱ्या संविधान सभेने कर्मचारी राज्य विमा कायदा केला. आजारी पडलेल्या कामगाराला दयेने नव्हे तर हक्काने औषधोपचार मिळावा, आजारपणाच्या काळात त्याच्या मजुरीचा काही भाग मिळावा, बाळंतिणीला रजा आणि लाभ मिळावा, ही कल्पना भारतीय कायद्यात प्रथमच इतक्या पूर्णत्वाने अवतरली. आरोग्याच्या कायद्याचा भारतातील खरा आरंभ कोठून मानावा असे कुणी विचारले तर मी १८९७पासून नव्हे, या १९४८च्या कायद्यापासून मानीन, कारण येथे रोगी हा प्रथमच संशयित न राहता हक्कदार झाला. परंतु हा कायदा हंगामी कारखान्यांस लागू होणार नाही असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले होते. आणि हंगामी कारखाना कोणता याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी, नीळ, रबर यांच्यासोबत साखरेचे उत्पादनही होते, गूळ धरून.

ढोकीला तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो सहकाराच्या उमेदीच्या काळात. मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांपैकी तो एक. दुष्काळी मुलखातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर एवढे यंत्र उभे राहावे ही गोष्ट त्या पिढीला केवढी वाटली असेल याची कल्पना आज, मधली काही वर्षे कारखान्याची धुराडी थंड राहिल्याचे पाहिलेल्या पिढीला, कदाचित करता येणार नाही. या कारखान्याच्या कामगारास १९४८च्या कारखाना अधिनियमातील स्वच्छता, वायुवीजन, पिण्याचे पाणी यांची कलमे लागू होती, अपघात झाला तर १९२३च्या कायद्याची नुकसानभरपाई होती. परंतु तापाने, क्षयाने वा बाळंतपणाने अंथरुणाला खिळल्यावर जो विमा मुंबईच्या गिरणीकामगाराला होता तो साखर कारखान्याला हंगामी ठरविणाऱ्या त्या व्याख्येने दुरावला. आणि हा कामगार निदान कारखान्याच्या हजेरीपटावर तरी होता. ज्या उसावर कारखाना चालतो तो ऊस तोडणारे जोडपे, ज्याला तोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, ते कुणाच्याच हजेरीपटावर नव्हते. मुकादमाने उचल द्यावयाची, उचलीच्या फेडीसाठी सहा महिने थळावर राहावयाचे, पाचटाच्या खोपीत संसार करावयाचा, आणि मालक कोण असे विचारले तर कारखान्याने वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवावयाचे व ठेकेदाराने मुकादमाकडे. या रचनेत आरोग्याचा कोणताही कायदा त्या जोडप्यातील बाईपर्यंत पोहोचण्यास वाटच नव्हती.

आता न्यायालयांकडे वळू. रोग्याविषयी डॉक्टराचे कर्तव्य काय, याचा भारतीय कायद्यातील पाया घालणारा निर्णय मराठी माणसांच्याच खटल्यातून झाला. १९५३च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. दोनशेएक मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याच्या इस्पितळात आणले. तेथे पूर्ण भूल न देता पाय ताणून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच रात्री तो मरण पावला. त्याचे वडील स्वतः दौंडचे डॉक्टर होते. त्यांनी दिवाणी दावा लावला, तो जिंकला, आणि अपिलामागून अपील होऊन २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जोशी विरुद्ध गोडबोले या प्रकरणात ३,००० रुपयांची नुकसानभरपाई कायम केली. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही वेळी वाजवी दक्षता बाळगण्याचे कर्तव्य डॉक्टरावर असते, हे त्या निर्णयाचे सार आजही प्रत्येक खटल्यात उद्धृत होते. पण दावा करणारे वडील डॉक्टर होते, प्रतिवादी त्यांचे समव्यवसायी होते, आणि पंधरा वर्षे न्यायालयात टिकून राहण्याचे बळ त्यांच्या अंगी होते, हे विसरता कामा नये.

मराठवाड्याचे प्रकरण यापेक्षा अधिक बोलके आहे. १९६३च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईचे बाळंतपण झाले. त्यानंतर तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. तिचे पोट दुखू लागले, ताप चढला, आणि काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळी राहिलेले फडके सापडले. २४ जुलै रोजी ती मरण पावली. तिच्या पतीने आणि मुलांनी लावलेल्या दाव्यात औरंगाबादच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. सरकारचे म्हणणे असे की रुग्णालय चालविणे हा राज्याच्या सार्वभौम अधिकाराचा भाग आहे आणि सार्वभौमाच्या कृतीबद्दल नुकसानभरपाई मागता येत नाही. मला हा युक्तिवाद वाचताना दर वेळी १८९७च्या कायद्यातील अभयाचे कलम आठवते; राज्य रोग्याच्या घरात शिरले तेव्हाही ते सार्वभौम होते, आणि सरकारी खाटेवरच्या बाईच्या पोटात फडके राहिले तेव्हाही ते सार्वभौमच राहू इच्छीत होते. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयात २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य आहे, ते केवळ राज्यच करू शकेल असे सार्वभौम कार्य नव्हे. आणि शस्त्रक्रियेनंतर पोटात फडके राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, नेमके कुणाच्या हातून ते राहिले हे सिद्ध करण्याचा भार मृताच्या कुटुंबावर टाकता येणार नाही. छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. या सगळ्याला बत्तीस वर्षे आणि काही महिने लागले. ज्या मुलांच्या नावे तो दावा होता ती तोवर प्रौढ झाली होती.

सरकारी रुग्णालयाच्या दाराशी असलेली ही शीव पुसली गेल्याचे महत्त्व ढोकीच्या बाजूच्या माणसालाच पुरते उमजेल, कारण आजार गंभीर झाला म्हणजे धाराशिव, लातूर, सोलापूर वा अंबेजोगाई येथील सरकारी रुग्णालय हाच त्याचा आधार असतो. याच सुमारास न्यायालयांनी आणखी दोन पावले टाकली. १९८९च्या परमानंद कटारा प्रकरणात, अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तत्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टराचे, सरकारी असो वा खाजगी, कर्तव्य ठरले. आणि १९९६च्या मे महिन्यात, रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविल्याच्या प्रकरणात, वेळीच उपचार नाकारणे हा २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरून त्यास २५,००० रुपये देण्याचा आदेश झाला. ४७व्या अनुच्छेदात निजून असलेले कर्तव्य २१व्या अनुच्छेदात येऊन हक्क झाले.

परंतु तिसरे पाऊल, जे सर्वांत गाजले, त्याने एक शीव पुसताना दुसरी आखली. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वैद्यकीय सेवा येते असे १३ नोव्हेंबर १९९५च्या व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्राहक मंचांची दारे रोग्यांना उघडी झाली. वकिलांत ही एक नवी विद्या रूढ झाली, डॉक्टरांनी व्यवसायविमा उतरविण्यास आरंभ केला, संमतिपत्रांचे कागद जाड झाले. मात्र ज्या रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळतो तेथील रोगी हा ग्राहक नव्हे, असेही त्याच निर्णयाने ठरविले. ज्याच्यापाशी पैसे होते त्याला जलद न्यायाचे दार मिळाले. ज्याच्यापाशी नव्हते त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयाचे जुने दार राहिले, जेथे औरंगाबादच्या त्या कुटुंबाने तीन दशके वाट पाहिली होती.

अमेरिकेत हीच शाखा न्यायवैद्यकाच्या खोलीतून बाहेर पडली ती १९५०नंतर. विल्यम करन यांच्यासारख्या अध्यापकांनी कायदा आणि वैद्यक यांचा एकत्र अभ्यास विद्यापीठांत सुरू केला. न्यूरेंबर्गच्या निवाड्यानंतर माहितीपूर्वक संमतीचे तत्त्व रुजले. १९६५ साली वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा आल्यावर इस्पितळांचा पैसा, परवाने आणि विमा हाच वकिलांचा मोठा विषय झाला. आपल्याकडे संमतीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर मांडले ते समिरा कोहली प्रकरणात, २००८ साली. आणि त्या प्रकरणाचा विषय होता बाईला न विचारता काढलेले गर्भाशय.

या मुद्द्यावर मला थांबावेसे वाटते, कारण येथे ढोकीच्या उसाची आणि दिल्लीच्या निर्णयाची गाठ पडते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत ‘पिशवी काढली’ हे शब्द इतके सहज उच्चारले जातात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मजुरी कापली जाते, अंगावर पांढरे जाऊ लागले की औषधापेक्षा शस्त्रक्रियेचा सल्ला लवकर मिळतो, आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. २०१९ साली हा विषय वर्तमानपत्रांत आल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्या राज्याने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली केला, ज्या राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१चा गर्भपाताचा कायदा झाला, जेथे १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने चौदा रोगी दगावल्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांनी औषध प्रशासनाची निर्भीड चौकशी केली, त्या राज्यात हे आकडे निघावेत याचे दुःख शब्दांत मांडणे मला कठीण जाते. २०२३च्या एप्रिलमध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील प्रकारांवरून उभी राहिली होती. पण तिचे उत्तर बालाघाटच्या डोंगररांगांतील बायकांनाही तितकेच लागू आहे.

रोग्याला संशयित मानण्याची जुनी वृत्ती सर्वस्वी गेली असे मात्र नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि पोलिसांनी त्याला नेऊन क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवले. गोव्याच्या आरोग्य कायद्यातील सक्तीने वेगळे ठेवण्याची ती तरतूद मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने वैध ठरविली. प्लेगच्या कमिटीचा हात शतकाच्या अखेरीसही तितकाच लांब होता. एचआयव्हीबाधितांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा झाला तो २०१७ साली, डॉमिनिकच्या मृत्यूनंतर पाव शतकाने.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. येथे १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावरच भागते, ज्याच्या नियमांत २०२१च्या जानेवारीत रोग्यांच्या हक्कांची सनद समाविष्ट झाली. ती दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असावी, मराठीत असावी आणि दरपत्रकही लोकांना दिसावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आता ढोकीच्या रोग्यालाही आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे. साथीच्या कायद्यातील ‘ब’ वर्गाच्या राज्यांची रेघ पुसली गेली आहे. दुसरी रेघ मात्र आहे तेथेच आहे: २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुने कामगार कायदे एकत्र करण्यात आले, तेव्हाही कर्मचारी राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळण्यात आले आहेत, आणि साखर त्या हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत अजून तशीच आहे.